दाणे नाहीत, नुसतं कूट आहे

मराठी स्वयंपाकात शेंगदाणा जितका दिसतो त्याहून कितीतरी अधिक ठिकाणी तो असतो. पोह्यांत, चिवड्यात आणि अळूच्या भाजीत तो डोळ्यांना दिसतो, चिक्कीत तर मिरवतोच; पण काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, लाल भोपळ्याचे भरीत, परतून केलेली मेथी, आणि पातळ झालेली एखादी आमटी सावरून घेण्यासाठी शेवटी घातलेले दोन चमचे, अशा असंख्य जागी तो कुटाच्या रूपाने मिसळून गेलेला असतो आणि कुणी विचारले तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही ते चटकन आठवत नाही. ज्या घरातल्या लहान मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, त्या घराला हा सगळा स्वयंपाक पहिल्यापासून पुन्हा समजून घ्यावा लागतो. आमच्या सात वर्षांच्या लेकीला ही ॲलर्जी आहे, आणि माझे माहेर सोलापूरचे असल्यामुळे आमच्यासाठी ते काम थोडे अधिकच अवघड झाले. सोलापुरात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही एवढ्यावर पाहुण्याचे जेवण साजरे होते, आणि चटणी नेमकी कुणाच्या हातची चांगली यावर नातेवाइकांत वर्षानुवर्षे वाद चालतात.

लेक वर्षाची होण्याच्या सुमारास एका एकादशीला तिने साबुदाण्याच्या खिचडीचे एकदोन घास खाल्ले. थोड्याच वेळात तिचे ओठ जाड दिसू लागले आणि कानामागून पोटापर्यंत लालबुंद गांधी उठल्या. ‘पित्त उठलंय’ असे निदान घरच्या घरी झाले आणि आमसुले भिजत पडली, कारण अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. आमसुले अजून नीट भिजलीही नव्हती, तोवर ती दोनदा ओकली, खोकू लागली आणि मग एकदम मलूल होऊन तिने माझ्या खांद्यावर मान टाकली. आमच्याच रस्त्यावर असलेल्या बालरोगतज्ज्ञांनी तिला पाहताक्षणी मांडीत इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला, आणि ती जोरात रडू लागली तेव्हाच आम्हाला म्हणाले, “आता बसा तुम्ही दोघं.” पुढे त्वचेवरची चाचणी झाली. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून सुईचे हलके टोक लावतात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी उठली तर ती दखलपात्र धरतात. दूध, अंडे, गहू यांच्या जागा कोऱ्या राहिल्या. शेंगदाण्याच्या जागी उठलेली गांधी मोजायला पट्टीची गरज नव्हती.

या आजाराचा गाभा शंभरेक वर्षांपूर्वीच एका प्रयोगात दिसला होता. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या सागरफुलांच्या विषावर काम करीत होते. या विषाची थोडी मात्रा दिल्यावर कुत्र्याला त्याची सवय होईल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही आठवड्यांनी पहिल्याहून कमी मात्रा दिली तेव्हा कुत्रा मिनिटांत मेला. १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले आणि १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराने एखाद्या प्रथिनाला एकदा शत्रू ठरवले की त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होऊन मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा आले की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम बाहेर सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, श्वासनलिका आवळली जाते. हा प्रकार घडवायला वाटीभर दाणे लागत नाहीत. ज्यांची ॲलर्जी तीव्र असते त्यांना एका दाण्याचा तुकडाही पुरतो.

ही मात्रेची गोष्ट लोकांच्या गळी उतरवणे मला सर्वांत कठीण गेले. पथ्याचा माणूस आपल्या ओळखीचा असतो. मधुमेहाचे आजोबा सणाला अर्धी पुरणपोळी खातात, रक्तदाब असलेल्या काकू लोणच्याची एखादी फोड चाटतात, आणि ‘एका दिवसाने काय होतंय’ या वाक्यावर घरादाराचे एकमत असते. त्या वाक्यात वाईट हेतू कधीच नसतो. उलट, समोरच्याला एखाद्या सुखापासून वंचित ठेवू नये हाच त्यामागचा भाव असतो. आमच्या लेकीला कुणीही दुष्टाव्याने दाणे देणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि म्हणूनच धास्ती जास्त होती. तिला धोका आहे तो मायेने पुढे केलेल्या चिमूटभर घासापासून.

दुसरे वाक्य ऐकावे लागते ते असे: “आपल्याकडे नव्हतं बाई असलं काही.” हे वाक्य मी पूर्वी तोडून टाकत असे, आता तोडत नाही, कारण त्यात तथ्य आहे. कर्नाटकात बेंगळुरू-म्हैसूर भागात शाळकरी मुलांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात अन्नाची खरीखुरी ॲलर्जी असणाऱ्या मुलांचे प्रमाण एक टक्क्याच्याही बरेच खाली आढळले. पाश्चात्त्य देशांत ते अनेक पटींनी जास्त आहे. त्याचे एक कारण लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण १.८५ टक्के, तर इस्रायलमधल्या मुलांत केवळ ०.१७ टक्के होते. आणि इस्रायलमधली बाळे दात येण्याच्या वयापासून शेंगदाण्याचे कुरकुरे खात होती, तर ब्रिटनमधल्या बाळांपासून दाणे कटाक्षाने दूर ठेवले जात होते. त्यावरून त्यांनी चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांवर प्रयोग केला. त्या सर्वांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी, किंवा दोन्ही होते. निम्म्यांना नियमित शेंगदाणे दिले, निम्म्यांना अजिबात दिले नाहीत. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असा सल्ला दिला होता आणि २००८ मध्ये तो मागे घेतला होता. या प्रयोगाने तो सल्ला पुरता उलटा झाला.

म्हणजे उष्टावणानंतर बाळाच्या तोंडात घरातले सगळे थोडे थोडे घालणाऱ्या आपल्या आज्या बरोबर होत्या. हे मी मोकळेपणाने कबूल करते आणि जिच्या घरी तान्हे बाळ आहे अशा प्रत्येक मैत्रिणीला सांगते, अर्थात अख्खा दाणा न देता पातळ करून, आणि बाळाला इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. मात्र ३.२ टक्के म्हणजे शून्य नव्हे. ज्या समाजात हा आजार दुर्मीळ असतो तिथे तो झालेले मूल अधिक एकटे पडते, कारण शेजारीपाजारी, शाळेत, नात्यात कुणीही असे दुसरे मूल पाहिलेले नसते. मग आईची उलटतपासणी सुरू होते. गरोदरपणात काय खाल्ले होते, डोहाळे कशाचे होते, बाळाला मालीश कोणत्या तेलाने केली, लसी सगळ्या दिल्या का आणि दिल्या तर का दिल्या. गरोदरपणात आईने शेंगदाणे खावेत किंवा टाळावेत असा सल्ला आज प्रमुख मार्गदर्शक तत्त्वे देत नाहीत, एवढे सांगून मी विषय बदलते. प्रश्न विचारणाऱ्यांना खरे तर उत्तर नकोच असते; आपल्या घरी असे होणार नाही याची खात्री हवी असते, आणि ती मी कुठून देणार?

घरात बदल झाले ते मात्र वाटले होते त्याहून निमूटपणे झाले. आमच्या सासूबाईंचे एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार असे सगळे उपवास चालतात, आणि उपवासाचे आपले खाणे जवळजवळ संपूर्णपणे दाण्यांवर उभे आहे. त्यांनी एक दिवस कुटाचा डबा, दाणे भाजायची लोखंडी कढई आणि लहान खलबत्ता अशा तिन्ही वस्तू उचलून कामाच्या मावशींना देऊन टाकल्या. पुढच्या एकादशीला भगर, आणि दाण्याच्या आमटीच्या जागी जिरे-मिरची लावलेली ताकाची कढी पानात आली. खिचडीत ओले खोबरे पडू लागले. भरल्या वांग्यांत भाजलेले तीळ आणि सुके खोबरे, कोशिंबिरीत दही थोडे घट्ट, दाटपणासाठी पंढरपुरी डाळ्यांचे पीठ. शेंगदाणा हे कडधान्याच्या कुळातले असल्यामुळे आता तूर-मूगही बंद करायचे का, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. पण कूळ एक असले तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुले डाळी बिनघोर खातात, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा वरण-भात वाचला. तेलाचे प्रकरण मात्र निराळे निघाले. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते उरू शकते. आमच्या ओळखीत जी घरे आरोग्याबाबत सर्वांत जागरूक आहेत, त्यांच्याकडे आता घाण्याचे तेल असते, त्यामुळे नेमक्या त्यांच्याच घरी मला जास्त चौकशी करावी लागते आणि त्यांना वाटते की मी त्यांच्या तेलाच्या दर्जावर शंका घेत आहे.

चौकशी कशी करावी हेही एक शास्त्र आहे. ‘यात दाणे आहेत का?’ या प्रश्नाला एका खाणावळीत मला अत्यंत प्रामाणिक उत्तर मिळाले होते: “नाही ताई, दाणे नाहीत, नुसतं कूट आहे.” त्या आचाऱ्याच्या दृष्टीने दाणे म्हणजे फोडणीत तळलेले अख्खे दाणे, कूट हा तर मिठासारखा मसाल्याच्या डब्यातला जिन्नस. तेव्हापासून मी असा प्रश्न विचारत नाही. ‘ही भाजी कशी केलीत, जरा सांगा ना’ असे विचारते आणि ऐकत राहते. कृती सांगताना माणूस काही वगळत नाही. उलट, आपल्या हातचे काही विशेष असेल तर ते आवर्जून सांगतो, आणि आपल्याकडे ते विशेष बऱ्याचदा कूटच असते. यात फायदा असा की बोलणाऱ्याला आपली झडती घेतली जात आहे असे वाटत नाही. मला पाककलेत फार रस आहे असा माझा लौकिक यामुळे झाला आहे, आणि तो मी खोडून काढलेला नाही.

पाकिटातल्या पदार्थांचे त्या मानाने बरे आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणे आणि काजू-बदामासारखी कवचाची फळे, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये आणि ठरावीक मर्यादेपुढचे सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. तिळाचा मात्र या यादीत समावेश नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तो केला आहे, आणि ज्या राज्यात संक्रांत तिळाशिवाय होत नाही तिथे तो असायला हवा होता असे मला वाटते. खरी अडचण सुट्ट्या मालाची आहे. फरसाणाच्या दुकानात शेव, पापडी आणि मसाला दाणे एकाच कढईत तळले जातात आणि एकाच डावाने कागदी पिशवीत भरले जातात. हलवायाकडच्या काजूच्या मिठाईत स्वस्त पडावे म्हणून काय मिसळले आहे ते तोच जाणे. आम्ही सुटे काही आणत नाही, एवढाच नियम केला आहे; त्याला अपवाद नाही, त्यामुळे चर्चाही नाही.

लेक कुठेही जाते तिथे एक लहानशी निळी पेटी जाते. त्यात ॲड्रेनलिनच्या, म्हणजे अशी प्रतिक्रिया थोपवणाऱ्या औषधाच्या, दोन कुप्या, एक मिलिलिटरच्या सिरिंजा, कापूस आणि सासऱ्यांनी ठळक अक्षरांत लिहिलेला कागद असतो. परदेशात अशा मुलांजवळ भरलेले, टोपण काढून मांडीवर दाबायचे पेन असते. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत ते सहजी मिळत नाही, म्हणून कुपी फोडून सिरिंजमध्ये औषध भरायला आईबापांना शिकावे लागते. प्रमाण वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. औषध एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या तीव्रतेचे असते, म्हणून वीस किलोच्या मुलीला ०.२ मिलिलिटर लागते. सिरिंजवर त्या रेषेशी डॉक्टरांनी पक्क्या शाईने खूण करून दिली आहे. वजन वाढले की खूण सरकते. कुपीच्या मानेवर एक ठिपका असतो. तो आपल्याकडे करून, अंगठ्याने मागे दाब दिला की ती टचकन मोडते, आणि पहिल्या काही वेळा काच बोटात जाते. मी साधे पाणी भरून संत्र्यावर सराव केला, मग नवऱ्याने केला, मग सासऱ्यांनी चष्मा लावून केला. औषध पंचवीस अंशांखाली आणि उजेडापासून दूर ठेवायचे, पण फ्रीजमध्ये ठेवायचे नाही. मे महिन्यातल्या सोलापुरात हे कसे जमवायचे, यावर माझ्या भावाने जेवणाच्या डब्याची जाड पिशवी आणि ओला पंचा असा उपाय काढला आहे.

त्या पेटीचा उपयोग सोलापुरातच झाला. दोनेक वर्षांपूर्वी मामेबहिणीचे लग्न होते. लग्नघरी आदल्या दिवशी प्रवासातून आलेल्या माणसांसाठी पोळ्यांची चळत झाकून ठेवली होती. माझी थोरली मावशी सत्तरी ओलांडलेली, सगळ्या भाचरांची लाडकी. लेकीला दाणे चालत नाहीत हे तिला माहीत होते आणि तिने ते मनापासून पाळलेही होते. पाहुण्यांच्या त्या गर्दीत तिने जी पोळी गुळाची समजून तुकडा मोडून, वर तूप घालून तिला भरवली, ती शेंगापोळी होती. लेकीने अर्धा घास थुंकला आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, “आई, घशात टोचतंय.” पुढच्या काही मिनिटांत कुणी लिंबूपाणी सुचवले, कुणी अविलची गोळी पर्समधून काढली. अशी गोळी अंगावरची खाज कमी करते, पण आवळणारी श्वासनलिका आणि उतरणारा रक्तदाब यांवर तिचा इलाज चालत नाही. वेळ मात्र जातो. गालीच्यावर तिला आडवे केले, पाय उशीवर ठेवले, आणि परकराच्या घेरावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचली. माझे हात थरथरले नाहीत, याचे श्रेय संत्र्यांना. भावाने तोवर १०८ ला फोन लावला होता. रुग्णालयात रात्रभर ठेवून घेतले, कारण उतरलेली प्रतिक्रिया काही तासांनी, दाणे पुन्हा पोटात न जाताही, परत उसळू शकते.

दुसऱ्या दिवशी लग्नाला आम्ही वेळेवर पोचलो. मावशीला कुणीही एका शब्दाने बोलले नव्हते, तरी ती पंगतीत वाढायला उठेना. पन्नास वर्षे जिने घरातल्या प्रत्येक कार्यात तूप वाढले, ती भिंतीला टेकून हात मांडीवर ठेवून बसली होती. मी माझे पान तिच्या समोरच्या ओळीत मांडले आणि तिला म्हटले, “मावशी, तूप तूच वाढ.” ती उठली. लेकीसाठी आणलेला डबा मी तिथेच उघडला होता, तिने लांबूनच विचारले, “हिच्या भातावर घालू का गं? तूप घरचंच आहे, पळी धुऊन घेते.” आणि धुऊन आणली.

संक्रांतीला तिने कुरिअरने एक पुडके पाठवले. आत कागदावर लिहिले होते, ‘फक्त तिळाच्या. शेंगा नाहीत.’ पोळ्या सुरेख होत्या. मी फोन केला, कौतुक केले आणि मग विचारले, “मावशी, तीळ कुटले तो खलबत्ता शेंगांचाच ना गं?” थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “हो गं. तोच. धुतला होता.” दगडी खलाच्या खाचांत वर्षांचे कूट बसलेले असते, ते धुऊन जात नाही. मी तिला सांगितले की आम्ही मोठ्यांनी खाल्ल्या, लेकीला दिल्या नाहीत. खोटे बोलून ‘तिला फार आवडल्या’ असे म्हणणे सोपे होते आणि त्या क्षणी गोडही झाले असते. पण मग पुढच्या वर्षी त्याच खलातल्या पोळ्या पुन्हा आल्या असत्या, कदाचित मी समोर नसताना. अन्न टाळणे हे या सगळ्यातले सोपे काम आहे, असे माझे मत होत चालले आहे. देणाऱ्याचा हात तुटू न देता ते टाळत राहणे, त्या हातालाच आपल्या बाजूला वळवून घेणे, याला वर्षे लागतात आणि ते प्रत्येक माणसाशी वेगळे करावे लागते. मावशीने पुढच्या संक्रांतीला एका निराळ्या घरगुती मिक्सरचे भांडे विकत घेतले, त्यावर लेकीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि त्या भांड्याचा फोटो पाठवला.

शाळेशी हे इतक्या सहज जमले नाही. प्रवेशाच्या वेळी ‘काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे आमच्याकडून लिहून घेतले गेले, आणि पेटी कुणी उघडायची हा प्रश्न बराच काळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. सुटका झाली ती वर्गशिक्षिकेमुळे. डबा वाटून खावा, एकट्याने खाऊ नये, हे मूल्य शाळा पहिल्या दिवसापासून शिकवते आणि ते चुकीचे नाही; बाईंनी त्यात एवढीच भर घातली की आपल्या डब्यातले दुसऱ्याला देण्याआधी त्याला विचारायचे, आणि तो ‘नको’ म्हणाला तर पुन्हा आग्रह करायचा नाही. डब्यानंतर सगळ्या वर्गाने साबणाने हात धुवायचे असेही ठरले, कारण शेंगदाण्याचा अंश साबणाने निघतो, सॅनिटायझरने निघत नाही. दाण्यांच्या नुसत्या वासाने काही होत नाही, हेही मी बाईंना सांगितले, नाहीतर त्या एका काळजीपोटी लेकीला वेगळ्या बाकावर बसवणार होत्या.

सणांत आम्ही एक युक्ती केली, ती सासूबाईंची. लहान मुलापुढे प्रसाद आला की त्याला नाही म्हणता येत नाही, मोठ्यांनाही नाही म्हटलेले रुचत नाही. गणपतीत आरतीनंतरची खिरापत म्हणजे अनेक घरांत फुटाणे आणि दाणे. सासूबाईंनी जुने पंचखाद्य पुन्हा सुरू केले: खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस, यात शेंगदाण्याला मुळातच जागा नाही. आणि ते वाटायचे काम लेकीकडे दिले. जिच्या हातात ताट आहे तिला दुसरा कोण काय देणार? आता सोसायटीच्या गणपतीतही तीच वाटते, आणि ‘तू नाही का घेत?’ असे कुणी विचारले तर ‘मी शेवटी घेते’ असे सांगते. बोरन्हाणात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि भुईमुगाच्या शेंगा यांचा पाऊस पडतो आणि सगळी मुले एकाच वेळी जमिनीवर तुटून पडतात. नणंदेने तिच्या मुलाच्या बोरन्हाणात शेंगांच्या जागी लहान चेंडू आणि खोडरबर टाकले. मुलांना शेंगांची आठवणही झाली नाही, मोठ्यांनी मात्र दोन दिवस चर्चा केली.

शेंगदाण्याची ॲलर्जी वाढत्या वयात आपोआप जाण्याचे प्रमाण साधारण पाचात एक आहे. दूध-अंड्याच्या बाबतीत ते बरेच जास्त असते. आमच्या लेकीच्या रक्तातले आयजीईचे आकडे अजून उतरणीला लागलेले नाहीत. गेल्या भेटीत डॉक्टरांनी तोंडावाटे देण्याच्या उपचाराचा विषय काढला. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शेंगदाण्याच्या भुकटीच्या अशा एका औषधाला मान्यता दिली. सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅमपासून होते आणि कित्येक महिन्यांत, प्रत्येक पायरी डॉक्टरांच्या समोर चढत, ३०० मिलिग्रॅम प्रथिनापर्यंत पोचतात. एवढे प्रथिन साधारण एका दाण्यात असते. ‘थोडं थोडं देऊन सवय लावा’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांचे म्हणणे आणि हा उपचार यांत फरक आहे तो मिलिग्रॅमचा तराजू आणि शेजारी तयार ठेवलेले इंजेक्शन एवढाच. पण तोच फरक जगण्या-मरण्याचा आहे. ॲलर्जी यानेही मुळातून जात नाही. चुकून अर्धा घास पोटात गेला तर संकट टळावे, एवढाच हेतू, आणि मात्रा रोज, बहुधा कायमची, घेत राहावी लागते. उपचार चालू असताना प्रतिक्रिया येण्याचा धोकाही असतोच. नवऱ्याचे मत सुरू करावे असे आहे, मी आणखी थोडे थांबू या म्हणते, आणि सासरे दोन्ही बाजूंचे मुद्दे वहीत लिहून काढत आहेत.

लेक ही सगळी बोलणी ऐकत होती. रोज एक दाणा खायचा आहे हे तिला नीट कळले तेव्हा तिने डॉक्टरांना विचारले, “आणि मला त्याची चव आवडली नाही तर?” डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिले आणि तो प्रश्नही कागदावर उतरवून घेतला.